कुलूप आणि चोरवाट

हेरगिरी ही राज्यसंस्थेइतकीच जुनी आहे. कौटिल्याने आपल्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात गूढपुरुषांची नेमणूक, त्यांचे वेष आणि त्यांनी आणलेल्या वार्तेची खातरजमा यांविषयी सविस्तर लिहिले आहे. शत्रूच्या मनात काय आहे हे वेळीच कळले, तर प्रसंगी युद्धही टळते. त्यामुळे एखादे सरकार हेरगिरी करते याचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल आहे ते हेरगिरीच्या बदललेल्या साधनांचे. पूर्वी शत्रूचा खलिता फोडला, तर तो केवळ शत्रूचाच खलिता असे. त्यामुळे स्वतःच्या प्रजेच्या घराचे दार किलकिले होत नसे. आज परराष्ट्राचे मंत्रालय, आपल्या जिल्ह्याचे रुग्णालय, गावातील बँकेची शाखा आणि शेतमजुराच्या हातातील मोबाइल ही सर्व एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर चालतात. शत्रूसाठी म्हणून त्यात राखून ठेवलेले छिद्र आपल्याही घरात असते.

हे छिद्र कशात असते, हे समजण्यासाठी संगणकावरील कुलूप कसे असते ते पाहावे लागेल. मोबाइलवरून पैसे पाठवले की खात्याचा क्रमांक, रक्कम आणि गुप्त अंक हवेतून व तारांतून अनेक अनोळखी यंत्रांमधून प्रवास करतात. वाटेत कोणी ते वाचू नयेत म्हणून त्यांचे कूटलेखन केले जाते. म्हणजे ठरावीक गणिती रीतीने मजकुराची अशी उलथापालथ केली जाते, की ज्याच्याजवळ किल्ली आहे त्यालाच तो पुन्हा वाचता यावा. ही किल्ली म्हणजे शून्य आणि एक या अंकांची माळ होय. माळ जितकी लांब, तितके कुलूप पक्के. चाळीस अंकांची माळ सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रकारे गुंफता येते. माणसाला ही संख्या अफाट वाटते, वेगवान संगणकांना मात्र ती तपासून संपवता येते. १२८ अंकांची माळ किती प्रकारे गुंफता येईल हे लिहायचे, तर ३९ अंकी संख्या लिहावी लागते. तेवढ्या किल्ल्या एकेक करून लावून पाहणे जगातील सर्व संगणकांना मिळूनही शक्य नाही.

कुलूप इतके पक्के असेल, तर हेराने काय करावे? त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. कुलूप बनतानाच त्यात खोट ठेवायची, हा एक. आणि कारागिराच्या हातून नकळत राहिलेली खोट शोधून ती कोणाला न सांगता वापरायची, हा दुसरा.

पहिल्या मार्गाचा सर्वांत दीर्घकाळ चाललेला नमुना स्वित्झर्लंडमध्ये घडला. बोरिस हॅगेलिन या उद्योजकाने १९५२ साली तेथे ‘क्रिप्टो एजी’ नावाची कंपनी स्थापन केली. गुप्त संदेश लिहिण्याची यंत्रे ती बनवत असे. स्वित्झर्लंड हे तटस्थ राष्ट्र असल्यामुळे अनेक सरकारांनी निःशंक मनाने ही यंत्रे विकत घेतली. १९७० मध्ये अमेरिकेची सी.आय.ए. आणि पश्चिम जर्मनीची बी.एन.डी. या गुप्तचर संस्थांनी मिळून ही कंपनी गुपचूप विकत घेतली. त्यानंतर यंत्रांची रचनाच अशी होऊ लागली, की त्यांतून गेलेला संदेश अमेरिकेला सहज उलगडावा. २०२० च्या फेब्रुवारीत वृत्तमाध्यमांनी हे सारे उघडकीस आणले, तेव्हा शंभराहून अधिक देशांनी ही यंत्रे घेतल्याचे समोर आले. त्यांत इराण होता, पाकिस्तान होता आणि भारतही होता. सोव्हिएत संघ आणि चीन हे अमेरिकेचे खरे प्रतिस्पर्धी मात्र या कंपनीचे ग्राहक कधीच नव्हते. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांचेच संदेश वाचले गेले.

या व्यवहाराची किंमत कंपनीच्या एका विक्रेत्याला चुकवावी लागली. १९९२ मध्ये हान्स ब्यूलर हा कर्मचारी इराणमध्ये हेरगिरीच्या संशयावरून पकडला गेला आणि नऊ महिने तुरुंगात राहिला. आपली यंत्रे सदोष आहेत आणि आपले खरे मालक कोण आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हते. कंपनीने दहा लाख डॉलर भरून त्याला सोडवले आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत नोकरीवरून काढून टाकले.

क्रिप्टो एजीची यंत्रे निदान सरकारांपुरती मर्यादित होती. इंटरनेट आल्यावर कूटलेखन सामान्य माणसाच्या व्यवहारात आले आणि तेथेही सरकारचा हात पोहोचला. १९९० च्या दशकात अमेरिकेचा कायदा पक्क्या कूटलेखनाला शस्त्रास्त्रांच्या यादीत धरत असे. परिणामी अमेरिकी कंपन्यांना परदेशात विकण्यासाठी मुद्दाम दुबळी कुलपे बनवावी लागत. त्यांची किल्ली चाळीस अंकांची असे. १९९५ मध्येच फ्रान्समधील एका संशोधकाने असे कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवले. दशक संपता संपता ही बंधने सैल झाली आणि गोष्ट विसरली गेली. परंतु सॉफ्टवेअरमध्ये एकदा लिहिलेला भाग सहसा कोणी खरवडून काढत नाही. दुबळे कुलूप चालवून घेण्याची जुनी सोय असंख्य संकेतस्थळांत तशीच पडून राहिली. २०१५ च्या मार्चमध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की वाटेत बसलेला हल्लेखोर दोन्ही बाजूंना फसवून तेच जुने कुलूप लावायला भाग पाडू शकतो आणि सुमारे शंभर डॉलर खर्चून काही तासांत ते तोडू शकतो. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी निवडलेले संकेतस्थळ होते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे, म्हणजे परकीयांचे संदेश वाचणे हेच जिचे काम आहे त्या एन.एस.ए.चे!

कधी कधी चोरवाट कायद्याने, उघडपणे ठेवली जाते. न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावरून पोलिसांना गुन्हेगाराचे संभाषण ऐकता यावे, अशी सोय दूरध्वनी कंपन्यांच्या यंत्रणेत असते. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेत ही सोय होती. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिक स्पर्धांच्या सुमारास कोणीतरी त्या यंत्रणेत शिरले आणि ही सोय आपल्यासाठी चालू करून घेतली. पंतप्रधान, काही मंत्री, वरिष्ठ अधिकारी अशा शंभराहून अधिक व्यक्तींचे बोलणे कित्येक महिने परक्या कानांवर पडत राहिले. २००५ च्या मार्चमध्ये हे लक्षात आले. पंतप्रधानांच्याच संरक्षणासाठी असलेल्या पोलिसांच्या सोयीने पंतप्रधानांचे बोलणे बाहेर गेले!

आता दुसरा मार्ग पाहू. त्यात कोणी खोट ठेवत नाही. ती आपोआप राहते. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये कोट्यवधी ओळींचे लेखन असते. इतके लिहिताना काही चुका राहणारच. अशी चूक ज्याला प्रथम सापडते, त्याने ती कंपनीला कळवली तर कंपनी दुरुस्ती पाठवते. मोबाइलवर वरचेवर जी ‘अपडेट करा’ अशी सूचना येते, तिच्यात बहुतेक वेळा अशीच दुरुस्ती असते. पण ती चूक गुप्तचर संस्थेला सापडली तर? कळवली, तर सर्वांचे रक्षण होते, परंतु हातातील एक शस्त्र जाते. न कळवली, तर शस्त्र हाती राहते आणि त्याच वेळी स्वतःच्या देशाचे रुग्णालयही उघडे राहते.

एन.एस.ए.ला मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये अशी एक चूक सापडली. एकाच जाळ्यातील संगणकांना परस्परांच्या फायली वापरता याव्यात यासाठी जो भाग असतो, त्यात ती होती. तिचा उपयोग करून दूरच्या संगणकात मालकाच्या नकळत शिरता येत असे. त्याने कशावर बोट टेकवण्याचीही गरज नव्हती. या हत्याराला ‘इटर्नल ब्लू’ असे नाव होते. संस्थेने ते पाच वर्षांहून अधिक काळ स्वतःजवळ ठेवले, असे अमेरिकी वृत्तपत्रांनी पुढे प्रसिद्ध केले. या सर्व काळात जगभरातील विंडोज संगणकांचे ते दार उघडेच होते.

मग शस्त्रागारातच चोरी झाली. ‘शॅडो ब्रोकर्स’ असे नाव धारण केलेल्या अज्ञात मंडळींनी ऑगस्ट २०१६ पासून एन.एस.ए.ची हत्यारे आपल्याजवळ असल्याचे जाहीर करण्यास प्रारंभ केला. गुपित फुटणार हे दिसू लागल्यावर मायक्रोसॉफ्टला चूक कळवण्यात आली आणि कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती पाठवली. बरोबर एका महिन्याने, १४ एप्रिलला, चोरांनी ते हत्यार इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळे केले.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा संगणकीय विषाणू पसरू लागला. तो इटर्नल ब्लूच्या वाटेने एका संगणकातून दुसऱ्यात शिरे, आतील सर्व फायलींना कुलूप घाले आणि पडद्यावर ३०० डॉलरच्या खंडणीची मागणी झळकवी. थोड्याच दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची लागण झाली. सर्वांत वाईट अवस्था झाली ती इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची. तिच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णालय संस्थांच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांना ठरवून दिलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. अशा भेटींची संख्या सुमारे १९ हजार असावी, असा अंदाज नंतर तेथील लेखापरीक्षकांनी काढला. तातडीच्या उपचारांसाठी आणलेल्या काही रुग्णांना दूरच्या रुग्णालयांत पाठवावे लागले. इंग्लंड हे अमेरिकेचे जवळचे मित्रराष्ट्र, हेरगिरीतील भागीदारही. अमेरिकेने जपून ठेवलेल्या छिद्रातून घाव बसला तो त्याच्याच रुग्णांवर. हा विषाणू उत्तर कोरियाने सोडला, असे अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. त्याचा प्रसार थांबवला तो एका तरुण ब्रिटिश संशोधकाने. विषाणू ज्या अस्तित्वात नसलेल्या पत्त्याची चौकशी करत होता, तो पत्ता त्याने दहा-अकरा डॉलरना आपल्या नावे नोंदवला आणि पत्ता जागेवर सापडताच विषाणूचा फैलाव आटोक्यात आला.

सर्वच दोष गुप्तचर संस्थेच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध होती आणि अनेक कार्यालयांनी ती बसवली नव्हती. परंतु रुग्णालयातील यंत्रे एका दिवसात बदलता येत नाहीत. पाच वर्षांचा अवधी मिळाला असता आणि दोन महिन्यांचा मिळाला, यांतील अंतर कोणाच्याही लक्षात येईल.

तेवढ्यावर हे प्रकरण थांबले नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा विषाणू सुटला. तेथील व्यापारी कर भरण्यासाठी जे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून तो शिरला आणि इटर्नल ब्लूसारख्या हत्यारांच्या साह्याने पसरला. तोही खंडणी मागे. मात्र पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. त्याचा हेतू केवळ नाशाचा होता. पुढे अमेरिका व ब्रिटन यांनी रशियाच्या लष्करावर त्याचा ठपका ठेवला. एका देशाला घायाळ करण्यासाठी सोडलेल्या या विषाणूने सीमा ओळखल्या नाहीत. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत तो शिरला आणि तिच्या जगभरातील बंदरांवर जाऊन आदळला.

त्या बंदरांपैकी एक महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे, देशातील कंटेनर वाहतुकीचा मोठा भार वाहणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क समूहाकडून चालवला जाणारा एक धक्का आहे. त्याचे संगणक बंद पडले आणि कोणता कंटेनर कोणाचा, कोणत्या जहाजात चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच नाहीशी झाली. कामगारांना हाताने नोंदी करून काम रेटावे लागले. बाहेर मालमोटारी खोळंबल्या. क्रेन धड होत्या, जहाजे धड होती, माल जागेवर होता. तरीही काम अडले. युक्रेन आणि रशिया यांच्या भांडणाशी किंवा अमेरिकेच्या गुप्त कोठाराशी उरणच्या मालमोटार चालकाचा काडीचाही संबंध नव्हता.

मर्स्कला ४५ हजार संगणकांवर सर्व सॉफ्टवेअर नव्याने बसवावे लागले. तिचे नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेले. तिच्या जाळ्याचा मूळ नकाशा जपणारे सर्व संगणक एकाच वेळी निकामी झाले होते. एक मात्र वाचला. आफ्रिकेतील घाना देशात त्या वेळी वीज गेली होती आणि तेथील संगणक जाळ्यापासून तुटला होता. विजेच्या खोळंब्याने कोणाचे भले झाल्याचे असे उदाहरण विरळाच!

सरकारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. दहशतवादी, मुलांचे शोषण करणारे, अमली पदार्थांचे व्यापारी हेही कूटलेखनाच्या आड लपतात. तपास यंत्रणांनी हात बांधून बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. अमेरिकेत सापडलेली चूक कंपनीला कळवायची की राखून ठेवायची, हे अनेक खात्यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवण्याची पद्धत आहे. २०१७ च्या दोन प्रकोपांनंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, तिचे नियम प्रसिद्ध करण्यात आले. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ६९ व्या कलमानुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार कूटलेखन उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कूटलेखनविषयक धोरणाचा मसुदा मांडला होता. नागरिकांनी आपले संदेश ९० दिवस साध्या मजकुरात जपून ठेवावेत, अशी अपेक्षा त्यात होती. कुलूप लावावे आणि उघडा ऐवज शेजारी ठेवावा, असाच तो प्रकार झाला असता! टीकेनंतर काही दिवसांतच तो मसुदा मागे घेण्यात आला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

आदेश देऊन एका संशयिताची माहिती मिळवणे आणि सर्वांच्या कुलपात खोट ठेवणे, या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र केल्या जातात. त्या भिन्न आहेत. पहिलीत कोणाची झडती घ्यायची हे कोणीतरी ठरवते, त्याची नोंद राहते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. दुसरीत झडती कोण घेणार, हे ठरवण्याचा अधिकार खोट ठेवणाऱ्याकडे उरत नाही. जो प्रथम पोहोचेल त्याच्याकडे तो जातो.

याचा अनुभव अमेरिकेला २०२४ मध्ये स्वतःच्या भूमीवर आला. १९९४ च्या कायद्याने तेथील दूरध्वनी कंपन्यांना पोलिसांसाठी संभाषण ऐकण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले होते. ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि चीन सरकारशी संबंधित असल्याचा आरोप असलेल्या हॅकरांनी मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यांत शिरून असंख्य दूरध्वनींच्या नोंदी पळवल्या, सरकार व राजकारण यांतील काही व्यक्तींचे संभाषण मिळवले आणि न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी मागवलेल्या माहितीच्या नोंदीही हस्तगत केल्या. चीनने हा आरोप नाकारला आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने उच्चपदस्थांसाठी लेखी सूचना काढली, की पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही उलगडता येणार नाही अशा पक्क्या कूटलेखनाचीच संदेशसेवा वापरावी. एफ.बी.आय.च्या अधिकाऱ्यांनीही कूटलेखन वापरण्याचा सल्ला दिला. हीच एफ.बी.आय. २०१६ मध्ये एका हल्लेखोराचा आयफोन उघडून द्यावा म्हणून ॲपल कंपनीला न्यायालयात खेचून बसली होती.